लाल डोक्याची पिन

१

सगळं मोडलं होतं. विमानाचं नाक चेपून केबिनमध्ये शिरलं होतं, प्रोपेलरची पाती तुटली होती, शेपूट मुरगळलं होतं. फक्त जे मोडायला हवं होतं नेमकं तेच धड होतं, आणि ब्लांका ओंद्रुशोवाला ही गोष्ट मुळीच आवडली नव्हती.

लिपनित्साच्या हँगरमध्ये ताडपत्रीवर मांडलेल्या त्या अवशेषांभोवती ती सकाळपासून फिरत होती. दोन माणसांचं हलकं विमान, क्लबातली मंडळी लाडाने त्याला ‘माशी’ म्हणत. पंख दुमडून गाडीमागच्या ट्रेलरवर घालता येतात ही माशीची खासियत. त्यासाठी प्रत्येक पंखाला एक पोलादी पिन असते. अंगठ्याएवढी जाड पिन पंखाच्या आणि केबिनच्या पोलादी कानांमधून, म्हणजे भोक पाडलेल्या पट्ट्यांमधून, आरपार जाते, आणि ती सरकू नये म्हणून तिच्या टोकाला छोटीशी क्लिप बसवतात. पिन जागेवर आहे हे लांबूनही दिसावं म्हणून तिचं डोकं लाल रंगवलेलं असतं.

ओताकार शिमेकच्या माशीचा डावा पंख गेल्या बुधवारी दुपारी हवेतच निखळला. विमान टेकडीपलीकडच्या कुरणात कोसळलं. ओताकारने पॅराशूटची मूठ ओढलेली होती, पण उंची इतकी कमी होती की छत्री नीट उघडलीच नाही. उजव्या पंखाची पिन जागेवर होती. डाव्या पंखाची पिन बाजूच्या गवतात पडलेली सापडली, सरळ आणि चकचकीत. तिची क्लिप कुठेच नव्हती.

क्लबचा अध्यक्ष बोहुमीर व्राना याने अहवालाचा मसुदा आधीच टाइप करून ठेवला होता. पायलट क्लिप लावायला विसरला, पिन धक्क्यांनी सरकत सरकत बाहेर आली, पंख गेला. यंत्रात दोष नाही, क्लबात दोष नाही, दोष मेलेल्याचा.

“तुमची सही झाली की प्रकरण मिटलं, इंजिनियरबाई,” तो म्हणाला. “शनिवारी आमचा मेळावा आहे. सगळ्या मोरावियातून विमानं येतील, स्लोव्हाकियातूनही येतील. त्याआधी झालं तर बरं.”

ब्लांका हलक्या विमानांच्या संघटनेची तपासनीस होती. वय अठ्ठावन्न, केस पांढरे, आवाज घोगरा. तिची सही लवकर मिळावी म्हणून लोकांनी तिला आजवर वाइनच्या बाटल्यांपासून धमक्यांपर्यंत सगळं देऊन पाहिलं होतं. वाइन ती घ्यायची. सही मात्र स्वतःची खात्री पटल्यावरच करायची.

तिने अध्यक्षाला कॉफी आणायला पिटाळलं आणि डाव्या कानाच्या भोकात करंगळी घातली. आत काहीतरी खरखरलं. चिमट्याने तिने ते बाहेर काढलं. नखाच्या कडेएवढा, चंदेरी, मऊ धातूचा कीस. खिशातला लोहचुंबक तिने त्याच्याजवळ नेला, तर कीस जागचा हललाच नाही.

कान पोलादाचे, पिन पोलादाची. मग हे ॲल्युमिनियम आलं कुठून?

२

“बाबा क्लिप विसरणारच नाहीत.”

दारात ओताकारची मुलगी ब्येता उभी होती. पंचविशीतली, नाक उन्हाने भाजलेलं, हात जॅकेटच्या खिशात कोंबलेले. रडून झालेलं होतं आणि आता रडायचं नाही असं ठरवून ती आलेली दिसत होती.

“प्रत्येक मुलगी आपल्या बापाबद्दल असंच म्हणते,” ब्लांका म्हणाली. हे ती मुद्दामच म्हणाली.

“प्रत्येक मुलीच्या बापाने अर्ध्या जिल्ह्याला उडायला शिकवलेलं नसतं. क्लिप लावा, ओढून बघा, मग पुन्हा ओढून बघा, हे इथल्या प्रत्येकाला त्यांनी शिकवलंय. आता तेच लोक सांगतायत की म्हातारा विसरला. काल दुकानात पाववाली मला म्हणाली, वय झालं की माणसाने थांबावं गं. बासष्ट! बासष्टला काय वय होतं?”

“अध्यक्ष म्हणतो तू अडथळा आणतेस.”

“आणतेय. त्यांनी मला निवेदनावर सही करायला सांगितली, मी ते त्यांच्यासमोर फाडलं. दुसरं टाइप करतील तर तेही फाडीन.”

ब्लांकाला ही मुलगी आवडली, पण तसं तिने दाखवलं नाही. गवतात सापडलेली पिन तिने ब्येताच्या हातात दिली. ब्येताने ती उलटसुलट फिरवली, बोटं एकमेकांवर घासली आणि एकदम नाकाशी नेली.

“ही आमची नाही.”

“सगळ्या पिना सारख्याच असतात.”

“हिला काळं ग्रीस आहे, ग्राफाइटचं. बाबा ग्रीस वापरायचेच नाहीत. ते पिनांना मेण लावायचे, आमच्या मधमाश्यांच्या पोळ्यांमधलं. म्हणायचे, ग्रीसला धूळ चिकटते, मेणाला नाही. क्लबातले त्यांची थट्टा करायचे, की शिमेकच्या विमानामागे मधमाश्या लागतात.”

ब्लांकाने उजवी पिनही ओढून काढली. तिलाही काळं ग्रीसच होतं. पण पिन जिथे बसते ती भोकं तिने कापसाने पुसली, तर कापूस पिवळसर झाला आणि त्याला पोळ्याचा वास आला.

म्हणजे पिना कोणीतरी बदलल्या होत्या. दोन्ही. आणि अपघातानंतर बदलल्या होत्या, कारण ग्रीस पिनेवर होतं, भोकात मुरलेलं नव्हतं.

“हे कोणाला सांगू नकोस,” ब्लांका म्हणाली.

“कोणाला सांगू? इथे माझ्याशी बोलतंय कोण?”

३

माशी बनवणारा कामिल हुदेत्स शेजारच्या गावात राहायचा. त्याचा कारखाना म्हणजे जुन्या साखर कारखान्याची एक शेड आणि सात कामगार. ब्लांका आत शिरली तेव्हा तो एका पंखावर वाळूच्या गोण्या रचून घेत होता आणि कामगारांवर ओरडत होता. तिला पाहून त्याने ओरडण्याची दिशा बदलली.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की माशी मोडत नाही. पंखावर विमानाच्या वजनाच्या सहापट वाळू तिच्यादेखत रचून दाखवतो, तरी मोडणार नाही. आधी गोण्या संपतील. आणि तरीही जर कोणी म्हणत असेल की विमानच कच्चं होतं, तर त्याने समोर येऊन म्हणावं.

“तसं कोणीच म्हणत नाही,” ब्लांका म्हणाली. “सगळे म्हणतात शिमेक विसरला. तुमच्या दृष्टीने हे सोयीचंच आहे.”

हुदेत्सचा चेहरा लाल झाला. कारखाना वाचवायला मेलेल्या माणसावर खापर फोडणारा म्हणून ब्लांकाच्या मनातल्या यादीत तो पहिला होता. पण तो गोणीवर बसला आणि वेगळंच काहीतरी बोलला.

“शिमेक विसरणं मला सोयीचं आहे, खरंय. पण मला पटत नाही. माझी विमानं विकत घेऊन मला चुका दाखवणारा तो एकटाच होता. लिपनित्साचे बाकीचे लोक म्हणजे जादूगार आहेत.”

“जादूगार?”

“मग काय. कारखान्यातून निघताना विमानाचं वजन मी करतो. मग हे लोक त्यात रेडिओ घालतात, जाड गाद्या घालतात, कोणी तर हीटर बसवलाय. आणि संघटनेचा माणूस वजनाला येतो तेव्हा विमान माझ्याकडून निघालं त्याहून हलकं भरतं. हवा भरतात की काय आत, मला तर कळत नाही.”

तो हसला, पण ब्लांका हसली नाही. हलक्या विमानाला वजनाची मर्यादा असते. तिच्यावर गेलं की ते हलकं राहत नाही, परवाना जातो. कोणतंही विमान वयाप्रमाणे जाड होतं, माणसासारखंच. लिपनित्साची विमानं मात्र दरवर्षी बारीक होत होती.

“वजन करायला माणूस कधी आला होता?”

“गेल्या बुधवारी,” हुदेत्स म्हणाला. आणि मग त्याचंही हसू थांबलं.

४

वजनाचा दिवस आणि अपघाताचा दिवस एकच होता, हे क्लबातल्या एकाही माणसाने ब्लांकाला सांगितलेलं नव्हतं. न सांगण्याचं कारण काय असेल, याचा विचार करत ती धावपट्टीशेजारच्या खानावळीत जाऊन बसली. खानावळ अध्यक्षाची बायको चालवायची. ब्लांकाने गुलाश मागवला, आणि गुलाशामागोमाग अध्यक्ष आपोआप आला.

“वजनाचा काय संबंध?” बोहुमीर म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला की संबंध आहे हे तिला कळून चुकलं.

“संबंध आहे असं मी कुठे म्हटलं? त्या दिवशी काय काय झालं ते फक्त सांगा.”

त्याने सांगितलं. सकाळी पाचही माश्यांचं वजन झालं, पाचही पास झाल्या. तयारी नेहमीप्रमाणे लुबोर कोउत्नीने केली. लुबोर क्लबचा मेकॅनिक, ओताकारचा तीस वर्षांपासूनचा जिगरी दोस्त. ओताकार स्वतः सकाळी नव्हताच, त्याच्या मधमाश्यांचं मोहोळ उठून शेजाऱ्याच्या चेरीच्या झाडावर जाऊन बसलं होतं, ते उतरवायला तो गेला होता. वजन झाल्यावर रिवाजाप्रमाणे संघटनेच्या पाहुण्याला जेवायला बसवलं. बदकाचं मटण, कोबी, बिअर. यजमान म्हणून लुबोर त्याच्याशेजारी बसला. थोड्या वेळाने बाहेर ओताकारच्या इंजिनाचा आवाज आला. मग लुबोर उठून गेला.

“का?”

“का म्हणजे? गेला. अर्धा मग तसाच टाकून गेला, माझी बायको अजून त्यावरून बोलते.”

“आणि मग?”

“मग तोही उडाला. आणि बरं झालं उडाला. त्यालाच वरून अवशेष दिसले. त्याने शेजारीच विमान उतरवलं, आम्हाला फोन केला. आम्ही आणि पोलीस पोहोचेपर्यंत बिचारा एकटाच मित्राजवळ बसून होता.”

ब्लांकाने पावाचा तुकडा ताटलीत फिरवून रस्सा पुसून घेतला. तिने विचारलं की लुबोरचं विमान परत कसं आलं. ट्रेलरवर आलं, पंख दुमडून, असं बोहुमीर म्हणाला. कुरण आखूड होतं, तिथून उडता येण्यासारखं नव्हतं, लुबोरनेच सांगितलं.

विमानांच्या वजनाबद्दल मात्र तो पुढे एक शब्द बोलला नाही. गुलाशाबद्दल बराच वेळ बोलला.

५

लुबोर कोउत्नी वर्कशॉपमध्ये एका इंजिनावर वाकलेला होता. मोठा, मऊ, पडेल खांद्यांचा माणूस. त्याने ब्लांकासाठी स्टूल पुसून दिलं. डोळ्यांखाली काळं आलेलं, दाढी वाढलेली. त्याचं दुःख खोटं नव्हतं, हे ब्लांकाने पहिल्याच नजरेत ओळखलं, आणि त्यामुळे तिचं काम अवघड झालं.

ओताकारबद्दल तो भरभरून बोलला. दोघांनी मिळून हँगरचं छप्पर घातलं होतं. ब्येताच्या बारशाला तो धर्मपिता म्हणून उभा राहिला होता. ओताकार हट्टी, सरळ, डोक्यात जाईल इतका सरळ. दुसऱ्यांनी काहीही करावं, आपण वाकडं चालायचं नाही.

“म्हणजे दुसरे वाकडं चालत होते?”

लुबोर फडक्याने हात पुसत राहिला. हात आधीच स्वच्छ होते.

“क्लिप तो विसरला असेल असं तुम्हाला वाटतं?” तिने विचारलं.

“माणूस आहे, इंजिनियरबाई. मोहोळ उतरवून दमून आला होता. विसरतो माणूस.”

तो हे तिच्याकडे न बघता म्हणाला. तिने एकच प्रश्न आणखी विचारला, दारातून, जाता जाता. बिअर प्यायल्यावर तो नेहमीच उडतो का? लुबोर म्हणाला की नाही, कधीच नाही. एक घोट घेतला तरी त्या दिवशी विमानाला हात लावायचा नाही, हा क्लबचा नियम आहे, भिंतीवर लिहिलाय, त्यानेच लिहिलाय. बोलता बोलता त्याला कळलं की आपण काय बोललो, आणि तो परत इंजिनावर वाकला.

तिथून ती थेट टेकडीपलीकडच्या कुरणात गेली. गवत अपघाताच्या आधीच कापलेलं होतं, जमीन सपाट, वाऱ्याला मोकळी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती चालत गेली आणि चालताना तिला राग चढत गेला. माशी उडायला जेवढी जागा लागते, त्याच्या चौपट तरी जागा इथे होती. नवशिक्या पोरानेही इथून विमान उचललं असतं.

लुबोरला तिथून उडता येत नव्हतं हे खरं होतं. पण त्यात कुरणाचा काही दोष नव्हता.

६

शनिवारी सकाळी मेळाव्याची विमानं एकामागून एक उतरायला लागली. खानावळीसमोर सॉसेज भाजायला सुरुवात झाली. ब्लांकाने अध्यक्षाला सांगितलं की सही करते, पण हँगरमध्ये, सगळ्यांसमोर. बोहुमीर खूष होऊन सगळ्यांना घेऊन आला. लुबोर आला. हुदेत्स आपणहून आला. ब्येता तिच्या वडिलांच्या मोडक्या विमानाजवळ उभी राहिली आणि तिथून हलली नाही.

ब्लांकाने सही केली नाही. मसुदा चार घड्या करून खिशात घातला.

“पंख निखळला तो क्लिपेमुळे नाही,” ती म्हणाली. “विमानात पोलादाच्या पिना नव्हत्याच. ॲल्युमिनियमच्या होत्या. त्यातली एक तुटली, तिचा कीस मला भोकात सापडला. आता तुम्हीच सांगा, ॲल्युमिनियमची पिन माणूस कशाला बनवेल?”

सगळ्यांनी जमिनीकडे पाहिलं, आणि ते पाहणंच उत्तर होतं.

“वजनासाठी,” तिनेच सांगितलं. “हलक्या पिना, हलकी बॅटरी, गाद्या काढलेल्या, जे जे हलकं करता येईल ते सगळं. वजन झालं की पुन्हा खऱ्या वस्तू आत. वर्षानुवर्षं चाललंय हे. सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कोणी बोलत नाही. आणि वजनाला आलेल्या माणसाला फरक कळू नये म्हणून खोट्या पिनांची डोकीही तुम्ही लाल रंगवलीत.”

“सगळेच क्लब करतात,” बोहुमीर म्हणाला.

“सगळ्या क्लबांत माणूस मेला नाही. ओताकार शिमेक हे करत नव्हता. म्हणून त्याच्या विमानात हलक्या पिना त्याच्या नकळत घातल्या, तो मधमाश्यांमागे गेलेला असताना. तो परत आला तेव्हा विमान पास झालेलं. पंख लावलेले, लाल डोकी जागेवर, क्लिपा जागेवर. त्याने त्या ओढूनही बघितल्या असणार. आलेल्या माणसाला फसवायला जो रंग लावला, त्याच रंगाने तो फसला.”

ब्येताने डोळे मिटले आणि परत उघडले.

“आता हे कोणी केलं,” ब्लांका पुढे म्हणाली. “ज्याने केलं त्याचा बेत होता की ओताकार जेवायला गेला की खऱ्या पिना परत घालायच्या. पण त्याला पाहुण्याशेजारी बसावं लागलं. बसल्या बसल्या त्याने इंजिनाचा आवाज ऐकला. अर्धा मग टाकून तो धावला, पोटात बिअर असताना उडाला, स्वतः लिहिलेला नियम मोडून उडाला. आणि हे सगळं केव्हा? अपघात व्हायच्या आधी. विमान पडलंय हे कोणालाच माहीत नसताना तो कशामागे निघाला होता?”

लुबोर भिंतीला टेकला.

“त्याने मित्राजवळ विमान उतरवलं. डावी पिन तुटलेली, उजवीही ॲल्युमिनियमचीच. दोन्ही काढून तिथे पोलादी पिना ठेवायच्या होत्या, पण ओताकारच्या पिना इथे हँगरमध्ये राहिल्या होत्या. जवळ होत्या त्या फक्त स्वतःच्या विमानातल्या. त्या त्याने काढल्या. पिनांशिवाय कोण उडणार? म्हणून कुरण आखूड झालं आणि विमान ट्रेलरवर आलं. मग इथे आल्यावर त्याच्या विमानाला पिना लागल्याच असतील. कुठल्या घातल्या असतील?”

हुदेत्सने वाट पाहिली नाही. तो लुबोरच्या माशीपाशी गेला आणि त्याने डावी पिन ओढून काढली. पिन पुसून लख्ख केलेली होती. त्याने भोकात बोट घातलं, वास घेतला आणि ते बोट ब्येतापुढे धरलं.

“मेण,” ब्येता म्हणाली.

७

लुबोरने नाकारलं नाही. तो खाली एका टायरवर बसला आणि बोलू लागला, कोणी विचारायच्या आधीच.

ओताकारची माशी यंदा जड भरणार हे त्याला माहीत होतं. नवा रेडिओ होता, पंखांना नवं कापड होतं. परवाना गेला असता तर ओताकारचा उन्हाळा गेला असता, आणि दोन पोरं त्याच्याकडे शिकत होती. त्याला सांगितलं असतं तर तो नाहीच म्हणाला असता. म्हणून सांगितलं नाही. दुपारी ओताकार आला आणि त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, बघ लुबोर, सरळ चाललं तरी पास होता येतं.

“मी त्याच्यामागे गेलो ते पंख हलवून खुणा करायला,” तो म्हणाला. “उतर, वळू नकोस, सरळ उतर. तो मला बघून वळला, ब्येतुश्का. मला हात करायला वळला. तेवढ्यात टेकडीवरून वाऱ्याचा झोत आला आणि पंख...”

बाहेर मेळाव्याचं संगीत वाजत होतं.

ब्लांकाला त्याची दया आली. दया आली म्हणून तिने बोलायचं थांबवलं नाही.

“पिन घातलीत तो मूर्खपणा होता,” ती म्हणाली. “मित्रासाठी केलेला. मी तो समजू शकते. पण नंतर तुम्ही गवतात चांगली पिन ठेवलीत आणि तिची क्लिप खिशात घातलीत. ती न लावल्याचा दोष तुम्ही मेलेल्या माणसाच्या नावावर टाकलात. आणि दहा दिवस गावभर तो विसराळू म्हातारा ठरत होता, तेव्हा तुम्ही गप्प होतात.”

“क्लबसाठी,” लुबोर म्हणाला. “सगळं उघड झालं असतं.”

“उघड होईलच,” ब्लांका म्हणाली. “आज तुमची उरलेली चारही विमानं जमिनीवर राहतील. उद्या मी इतर क्लबांकडे जाईन, वजनकाटा घेऊन. तुम्हाला पोलिसांकडे मी नेते, पण आधी तिला काही बोलायचं असेल तर बोलू दे.”

बोहुमीरने मध्ये तोंड घातलं. तो म्हणाला की हे सगळं आतल्या आत मिटवता येईल. अहवालात तांत्रिक कारण लिहू, कोणाचंच नाव नको, ओताकारचंही नको. बाहेर अर्धा मोराविया जमलाय, आज हे बोललं तर लिपनित्साचा क्लब बंद पडेल. चाळीस वर्षांचा क्लब. ओताकारलाही ते आवडलं नसतं.

“बाबांना काय आवडलं असतं ते तुम्ही मला सांगू नका, अध्यक्ष,” ब्येता म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. “क्लब बंद पडला तर पडू दे. मी त्याच्या छपराखाली वाढलेय, मला वाईट वाटेल. पण माझ्या बापाचं नाव घालवून ते छप्पर उभं ठेवायचं नाही.”

मग ती लुबोरसमोर जाऊन उभी राहिली. त्याला वाटलं असावं की ती मारेल किंवा मिठी मारेल. तिने दोन्हीपैकी काही केलं नाही.

“माफ करायचं की नाही ते मला आज माहीत नाही, काका. कदाचित कधीच कळणार नाही. पण विसरला, हे तुम्ही सगळ्यांना सांगितलंत. आता जे खरं आहे तेही तुम्हीच सांगायचं. इथे नाही. बाहेर.”

बाहेर खानावळीच्या पायऱ्यांवर माइक लावलेला होता. थोड्या वेळापूर्वी बोहुमीरने त्यावरून पाहुण्यांचं स्वागत केलं होतं. लुबोरने पायऱ्या चढताना कठडा धरला. ब्लांका त्याच्या एका बाजूला उभी राहिली, तो पडला तर सावरायला, आणि पळाला तर अडवायला. संगीत बंद झालं. सॉसेज हातात धरलेली माणसं वळली. कोणीतरी हसून ओरडलं की लुबोर, भाषण लवकर आटप, बिअर गरम होतेय.

तो माइकसमोर गेला. मग बोलला, आणि आवाज फाटला तरी थांबला नाही. ओताकार शिमेकने क्लिपा लावल्या होत्या. ओताकार शिमेक काहीही विसरला नाही. खोट्या पिना मी घातल्या, त्याला न सांगता, आणि नंतर खोटं बोललो. क्लबातल्या सगळ्यांना हलक्या पिनांबद्दल माहीत होतं. फक्त त्याने त्या कधी वापरल्या नाहीत.

खानावळीच्या पुढ्यात पाववाली ट्रे घेऊन उभी होती, ती जागच्या जागी थिजली होती. काही परक्या क्लबांचे पायलट एकमेकांकडे बघत होते, आणि त्यातले दोघे आपल्या विमानांकडे निघाले, भराभर, मागे न बघता. ब्लांकाने त्यांच्या विमानांवरचे नंबर लक्षात ठेवले.

बोहुमीर तिच्या कानाशी येऊन कुजबुजला, “संपवलात तुम्ही आमचा क्लब. झालं समाधान?”

“हो,” ब्लांका म्हणाली.

लुबोर माइकपासून मागे सरला. पायऱ्या उतरायला त्याने पाय उचलला, तेव्हा ब्येताने त्याची वाट अडवली.

“पुन्हा सांगा, काका,” ती म्हणाली. “मागे उभ्या असलेल्यांना ऐकू गेलं नसेल.”

लुबोरने तिच्याकडे पाहिलं, मग वळला आणि पहिल्या वाक्यापासून पुन्हा सांगायला लागला.